पीण्यातले सहा आरसे

बंगलोरला जाऊन आले म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका आधी माझ्या पिशव्यांकडे बघतात. साडी कुठाय? चंदनाचा साबण? निदान म्हैसूरपाक तरी? एकदा नाही, दोनदा गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले, हे कुणाला पटत नाही. "मग इतके दिवस केलंस काय तिथे?" म्हणून विचारतात. आरसे बघितले, असं मी सांगते. मग त्या एकमेकींकडे बघतात आणि विषय बदलतात. म्हटलं, एकदाच काय ते नीट लिहून टाकावं, म्हणजे रोज जिन्यात उभं राहून सांगायला नको.

मी पुण्याची, नोकरीनं मुंबईची. एका सरकारी संशोधन संस्थेत यंत्रं जुळवायचं आणि जुळली नाहीत तर लोकांवर ओरडायचं काम करते. तर झालं असं की चार-पाच देश मिळून लांबच्या एका उंच, ओसाड माळावर नवी वेधशाळा बांधायला निघालेत. नेहमीची नव्हे, गॅमा किरणांची. हे किरण आकाशातल्या मोठ्या उलथापालथीतून निघतात, पण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वरच्या वर हवेवर आपटतात, आणि आपटले की निळसर उजेडाची एक चमक उठते. इतकी पुसट आणि इतकी क्षणिक की आपली पापणी हलायच्या आत ती होऊन गेलेली असते. ती पकडायला अंगणाएवढा आरसा लागतो. एवढा अखंड आरसा कोण करणार? म्हणून लहान लहान आरसे करायचे आणि लोखंडी सांगाड्यावर फरशीसारखे बसवायचे. वर घुमट नाही, छप्पर नाही. ऊन, दव, धूळ, पाखरं, सगळं त्या आरशांनी वर्षानुवर्षं सोसायचं.

हे आरसे कुणी करायचे, याच्यासाठी दोन-तीन देशांत रस्सीखेच होती. आपल्याकडून सहा नमुने तयार झाले होते ते बंगलोरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका छोट्या कारखान्यात. दसरा झाल्यावर परदेशातून एक बाई येऊन ते तपासणार होत्या. पसंत पडले तर शेकडो आरशांचं काम तिथे, नाही तर गेलं दुसऱ्याच्या देशात. त्यांच्या आधी जाऊन सगळं ठीकठाक आहे ना बघायला मला पाठवलं. दसरा घरी करायचा राहिला म्हणून मी थोडी फुरंगटूनच गेले होते, हेही सांगून टाकते.

पीण्या

पीण्या म्हणजे पत्र्याच्या शेडांचं गावच. एका शेडमध्ये खिळे, शेजारी स्प्रिंगा, पलीकडे मोटारीचे कसलेसे भाग. रस्ताभर लेथची कुरकुर आणि तेलाचा वास. अशा ठिकाणी कुणी आकाशाचे आरसे घासत असेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

कारखान्याचे मालक श्रीनिवास राव. चाळिशीचे, सडपातळ, बोलताना सारखे हात पुसणारे. राव हे आडनाव का, म्हणून विचारलं तर हसले. "वेगळं आडनाव होतं हो मॅडम, आजोबाच्या वेळेला. इथं सगळे राव म्हणतात, मग तेच राहिलं." त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच, पण कानडीची फोडणी घातलेली. वडील जुन्या पेठेत घरगुती आरसे करायचे, लग्नाच्या कपाटांना लावतात ना, तसले. पुढे हौसेनं मुलाला काच घासायचं शिकायला पाठवलं, पीण्यात शेड घेऊन दिली, आणि दोन वर्षांपूर्वी गेले. पहिला आरसा तयार झालेला त्यांनी पाहिला नाही.

"हे काम नाही आलं तर?" मी विचारलं.

"शेजारचा बोल्टवाला शेड मागतोय. त्याला देऊन टाकायची. माझे दोन चांगले कारागीर आधीच इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कंपन्यांत गेले. बाकीच्यांना किती दिवस धरून ठेवू?" ते म्हणाले. मग हात पुसत, "मलाही बोल्ट येतात करायला. येत नाही असं नाही."

ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून मला कळलं की या माणसाला बोल्ट करायचे नाहीत.

आरसे मागच्या एका स्वच्छ खोलीत ठेवले होते. दाराला प्लास्टिकचे पडदे, आत जाताना चपला काढायच्या, डोक्याला फडकं बांधायचं. सहा गोल आरसे, प्रत्येक चांगल्या मोठ्या परातीएवढा, मधे किंचित खोलगट. अशा आरशात जवळून बघितलं की आपलंच तोंड दुप्पट मोठं दिसतं. मला माझ्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या, म्हणून मी लगेच मागे सरकले. आरशाच्या काचेवर पुढच्या बाजूनं अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो, आणि त्याला जपायला वर आणखी एक पारदर्शक थर. हा वरचा थर म्हणजे आरशाची छत्री म्हणा ना.

शेडची दारं बंद करून, लांबून दिवा टाकून, आम्ही एकेक आरसा तपासला. परत आलेला उजेड पडद्यावर लिमलेटच्या गोळीएवढा पडत होता. सहाच्या सहा. अहो, मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण एवढा स्वच्छ ठिपका क्वचितच बघितलाय. वरच्या थराला चिकटपट्टी लावून ओढून बघितली, एक कण सुटला नाही. मी रावांना म्हटलं, "तुम्ही निर्धास्त झोपा." ते पहिल्यांदा हात न पुसता उभे राहिले.

जाताना खोलीला कुलूप लावून घेतलं आणि बजावलं, आता बाई येईपर्यंत इथे माशीसुद्धा शिरता कामा नये.

राजाजीनगर

माझ्या गेस्ट हाऊसचा आचारी दसऱ्यासाठी गावी पळाला. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्या उभ्या डोसा खाल्ला. बसायला खुर्ची नाही, ताटली छातीशी धरायची आणि कोपर शेजाऱ्याला लागू द्यायचं नाही. डोसा मात्र असा की लोण्यानं बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ. हे रावांच्या आईच्या कानावर गेलं आणि त्यांनी राजाजीनगरच्या घरून निरोप धाडला की घरात माणसं असताना पाहुणीनं रस्त्यात उभं राहून जेवायचं नाही.

त्यांना सगळे अक्का म्हणतात, मुलगासुद्धा. ठेंगण्या, कडक, आवाज घरभर. "ये गं, ये. चप्पल तिथंच राहू दे. ऊटा झालं नाही ना तुझं? मग सुम्ने बस की!" ऊटा म्हणजे जेवण आणि सुम्ने म्हणजे मुकाट्यानं, हे मला पाठोपाठ कळलं. मी संस्थेची अधिकारी वगैरे आहे याचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम नव्हता. त्यांनी माझं नाव विचारलं आणि सुलभाची सुलू करून टाकली.

पानात कोशिंबिरीच्या जागी कोसंबरी, आमटीच्या जागी हुळी, आणि पुरणपोळी होती पण तिला होळिगे म्हणत होते. आमच्याकडे पोळीवर तूप की दूध यावरून भांडणं होतात, त्यांच्याकडे वरून नारळाचं दूध! मी नाक मुरडायच्या बेतात होते, पण एक घास घेतला आणि नाक जागेवर आलं. तीन खाल्ल्या. अक्का चौथी घेऊन उभ्याच होत्या. "स्वल्प घे की. पुण्याच्या बायका अशानंच वाळतात."

माजघरात पायऱ्या मांडून बाहुल्यांची आरास केली होती, इकडच्या पद्धतीप्रमाणे. रावांची बायको पद्मा ती मांडत होती आणि अक्का लांब खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. राजा-राणी वर, वाणी खाली, हत्ती जरा डावीकडे. मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच का नाही मांडत? इतकं मनासारखं हवंय तर." पद्मानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको विचारू म्हणून. थोड्या वेळानं तिनं मला हळदीकुंकू लावलं तेव्हा अक्कांनी तोंड खिडकीकडे वळवलं. नवरा गेल्यापासून पूजेतल्या कशालाही त्या हात लावत नव्हत्या. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे, त्या आपणहूनच बाजूला झाल्या होत्या. मला राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्याकडेही हत्यारांची पूजा होते. पण ती म्हणजे एक सुरी, एक कात्री, आणि वर झेंडूचं फूल. बंगलोरला त्या दिवशी अख्खं शहरच पाटावर बसतं. मला पीण्याला न्यायला आलेल्या रिक्षाला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधले होते. ड्रायव्हरनं आधी चाकांखालची लिंबं चिरडली, मग मला मूठभर चुरमुरे दिले, आणि मगच मीटर टाकला. वाटेत बसगाड्यासुद्धा गळ्यात हार घालून उभ्या. एका वळणावर फोडलेल्या कोहळ्यावरून आमची रिक्षा सुर्रकन सरकली आणि मी चुरमुऱ्यांसकट शेजारच्या खांबात गेले. "स्वल्प अॅडजस्ट माडी मेडम," म्हणाला ड्रायव्हर. केलं अॅडजस्ट. साडीवर केळीचा चीक पडला तो अजून गेला नाही.

कारखाना धुऊन लख्ख केला होता. प्रत्येक यंत्राला गंधाचे पट्टे, कुंकवाचा टिळा, फूल. ड्रिलला, भट्टीला, पान्यांना, कोपऱ्यातल्या झाडूला, दाराबाहेरच्या रावांच्या मोडक्या स्कूटरला. आणि इथली एक रीत मी पहिल्यांदाच पाहिली. किल्ल्यांचीही पूजा. कारखान्यातल्या सगळ्या किल्ल्या एका ताटात, देवापुढे. त्यात आरशांच्या खोलीचीही. राव म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत कुठलीही किल्ली खिशात ठेवायची नसते." मी म्हटलं ठीक आहे, देवापेक्षा सुरक्षित जागा कुठली?

पूजा पद्मानं आणि रावांनी केली. अक्का दारापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मग सगळे फाटकाशी कोहळा फोडायला गेले, मीही गेले. कुंकू भरलेला कोहळा, सगळ्यांचा गलका, चुरमुऱ्यांची वाटणी. परत आलो तेव्हा अक्का खुर्चीवरच होत्या आणि ताटात किल्ल्या होत्या तशाच.

दुसऱ्या दिवशी दसरा, कारखाना बंद. राव सहकुटुंब कुणा नातेवाइकांच्या मळ्यात गेले, मलाही नेलं. सर्जापूर रोडला. दोन्ही बाजूंनी चिंचा, पलीकडे नाचणीची शेतं, मधेच एखादं तळं, आणि ऑक्टोबरात अंगावर शाल घ्यावी असा वारा. आपल्याकडे आपट्याची पानं वाटतात, तिथे बन्नीची, म्हणजे शमीची. अक्कांनी माझ्या हातावर दोन पानं ठेवली. "सोनं घे, सुलू. उद्या पोराचं काम होऊ दे म्हण."

"झालंच समजा," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

आरशावरचा ठिपका

सकाळी राव आणि मी कुलूप काढून आत गेलो. पाच आरसे चकचकीत. सहाव्याच्या बरोबर मधोमध रुपयाएवढा कुंकवाचा टिळा, ओला लावलेला, वाळून खपली धरलेली, आणि त्यातून एक ओघळ खाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुना अॅल्युमिनियमला खातो. एवढं साधं रसायन शाळेतल्या पोरालाही माहीत असतं! "कुणी केलं हे?" मी ओरडले ते शेजारच्या बोल्टवाल्यापर्यंत गेलं असणार. कारागीर खाली माना घालून उभे. राव तर भिंतीला टेकून नुसते त्या ठिपक्याकडे बघत होते.

अक्का परदेशातून येणाऱ्या पाहुणीसाठी डबा घेऊन आल्या होत्या. त्या पडदा सारून आत आल्या, चपला काढून, डोक्याला फडकं बांधून, सगळं नीट करून. "मी लावलं," म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं होतं?" राव म्हणाले. मोठ्यानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

"सगळ्यांना लावलं. झाडूला लावलं, त्या मोडक्या स्कूटरला लावलं. ज्याच्यासाठी तू धड जेवला नाहीस, तेच तेवढं राहिलं. मी बघत बसले होते की, कोण लावतंय. कुणी लावलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "लांब जाणार ना गं ते? पोरगी सासरी पाठवताना कपाळ रिकामं ठेवतात काय? तुम्ही सगळे बाहेर गेलात, मी किल्ली घेतली. तुमच्यासमोर कशी लावू? माझा हात चालत नाही."

यावर माझा राग कुठे जायचा तिथे गेला. रावांनी मात्र आईच्या समोर किल्ली उचलली आणि जानव्याला बांधून शर्टाच्या आत टाकली. अक्कांनी ते पाहिलं. मग डबा माझ्या हातात दिला.

बाई यायला थोडाच वेळ होता. राव म्हणाले, "पाच दाखवू. सहावा भट्टीत बिघडला म्हणू."

माझंही मन क्षणभर तिकडे झुकलं, खोटं कशाला बोलू. पण अक्का म्हणाल्या, "सहा केलेस ना? मग सहाच दाखव. मी सांगते तिला."

इंगेबाई

बाईंचं नाव इंगे. उंच, पन्नाशीच्या, पायात खेळायचे बूट, आणि बोलण्यात एकही शब्द फुकटचा नाही. आधी अक्कांनी सांगितलं, मराठीत, त्यांच्याकडे सरळ बघत. मी इंग्रजीत सांगत गेले. सासरी जाणाऱ्या मुलीचंही सांगितलं. इंगेबाई ऐकून घेत होत्या, चेहऱ्यावर काही नाही.

"कुणी पुसलं का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"उत्तम. आरसा कधीच पुसायचा नाही. पाणी आणा."

अक्का पटकन म्हणाल्या, "बरोबर आहे. कुंकू पुसू नये." मी हे भाषांतर केलं नाही.

शुद्ध पाणी आणून वरून संथ धार धरली. कुंकू विरघळलं, लाल ओघळ होऊन खालच्या ताटात उतरलं. आणि काय सांगू, आरसा स्वच्छ! डागाचं नाव नाही. माझा जीव भांड्यात पडला, राव तर हसायलाच लागले. एवढ्यात इंगेबाईंनी दिवे घालवायला सांगितले आणि बॅटरी घेऊन त्या आरशाच्या मागे गेल्या.

जिथे टिळा होता, तिथे अंधारात बारीक बारीक उजेडाचे ठिपके चमकले. चांदणं पडल्यासारखे. एरवी मी वा म्हटलं असतं. पण आरशातून उजेड पलीकडे येतो याचा अर्थ तिथला मुलामा खाल्ला गेलाय. वरच्या थरात डोळ्याला न दिसणारी भोकं होती, आणि चुना त्यांतून आत उतरला होता. माझ्या चिकटपट्टीला हे कळणं शक्य नव्हतं.

दोष त्या एकाच आरशाचा की सगळ्यांचा ते बघायला इंगेबाईंनी दुसऱ्या आरशाच्या कडेला तेच कुंकू, तसंच ओलं लावायला सांगितलं, आणि त्या शहरातल्या दुसऱ्या कामाला निघून गेल्या. ते मधले दिवस कसे गेले विचारू नका. राजाजीनगरला जेवायला जायचे मी, पण घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अक्का पानात वाढायच्या आणि आत जाऊन बसायच्या. चौथी होळिगे घे, असं मला कुणी म्हणालं नाही.

बाई परत आल्या, पाण्याची धार धरली, बॅटरी लावली. तिथेही चांदणं.

"आकार फार चांगला आहे," त्या रावांना म्हणाल्या. "मी पाहिलेल्यांत याहून चांगला नाही. पण वरचा थर टिकणार नाही. माळावर पाखरं आहेत, दव आहे, खारी धूळ आहे. हे आरसे मी आज घेतले असते तर पहिल्या पावसाळ्यानंतर आंधळे झाले असते आणि तुम्हाला पुन्हा कुणी काम दिलं नसतं. मी हे नमुने घेत नाही. पण मी थांबते. वसंतापर्यंत नवे करा."

रावांनी मान हलवली. मग इंगेबाई अक्कांकडे वळल्या. "नव्या आरशांनाही यांनीच कुंकू लावायचं. तेच कुंकू, तोच हात, तितकंच. नाहीतर तुलना करता येणार नाही."

मी सांगितलं. अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझा हात?" त्यांनी विचारलं. आणि मग, "तिला सांग, मी विधवा आहे म्हणून."

मी सांगितलं. इंगेबाईंनी कपाळाला आठ्या घालून विचार केला, अगदी मनापासून, आणि मला विचारलं, "त्यानं कुंकवात काही फरक पडतो का?"

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा अक्कांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला त्या वेळी कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

पुन्हा पीण्या

फाल्गुनात परत गेले तेव्हा बंगलोरच्या रस्त्यांवर बिनपानांची झाडं गुलाबी फुलांनी भरली होती आणि लोक खाली स्कूटर लावून खुशाल गप्पा मारत होते. मुंबईत असं झाड फुललं असतं तर आम्ही आठ-दहाच्या लोकलच्या घाईत त्याच्याकडे बघितलंही नसतं.

राव वाळले होते. थर चढवायची रीत त्यांनी बदलली होती. एकदम जाड देण्यापेक्षा पातळ, दोनदा, मधे आरसा पुरता थंड होऊ देऊन. घाई केली की भोकं पडतात, हे त्यांना कितीतरी काचा फुकट घालवल्यावर उमगलं होतं. शेजारचा बोल्टवाला येता-जाता शेडकडे बघून जायचा. इंगेबाई या वेळी येणार नव्हत्या. तुम्ही बघा आणि खरं काय ते फोनवर सांगा, एवढंच त्यांनी मला म्हटलं होतं.

अक्का मात्र ऐकेनात. "एकदा माझ्या हातानं वाईट झालं. पद्माला सांग."

"तुमच्या हातानं वाईट झालं असतं तर मी इथे परत आले असते का?" मी म्हटलं. "अहो, तुम्ही नसतं लावलं तर ते आरसे तिकडे जाऊन आंधळे झाले असते. आणि तोच हात हवा म्हणून त्या बाई सांगून गेल्यात. आता माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, चला मुकाट्यानं. सुम्ने!"

त्या हसल्या आणि उठल्या. पद्मानं कुंकवाचा करंडा धरला. सगळे कारागीर दारात उभे, आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, अक्कांनी सहा आरशांना सहा टिळे लावले. आरशात त्यांचं तोंड मोठं दिसत होतं. त्या नेमक्या कपाळाच्या जागी लावत होत्या. राव पडद्याशी उभे राहून बघत होते. किल्ली अजून त्यांच्या जानव्यालाच होती. अक्का बाहेर आल्यावर त्यांनी पुढे होऊन कुलूप लावलं आणि ती परत आत टाकली. माझ्या ते लक्षात आलं, अक्कांच्याही आलं असणार.

तितकेच दिवस थांबलो. मग पाणी. सहा लाल ओघळ ताटात उतरले. दिवे घालवले, बॅटरी मी घेतली. पहिल्या आरशाच्या मागे धरली.

काळोख. मी बॅटरी वर नेली, खाली नेली, अगदी काचेला टेकवली. उजेडाचा एक ठिपकाही पलीकडे आला नाही. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. सहावाही काळाकुट्ट.

"नाही ना?" राव म्हणाले.

"एकसुद्धा नाही," मी म्हटलं आणि मलाच हुंदका आला. इतकी वर्षं उजेड शोधायचं काम करते मी, पण अंधार बघून एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता. दुपारी इंगेबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काम तुमचं." आणि लगेच पुढचं विचारायला लागल्या, पेट्या कसल्या लाकडाच्या करणार म्हणून.

कारागीर ओरडत बाहेर धावले, कुणीतरी बोल्टवाल्यालाही सांगून आला. राव आत एकटेच आरशांपुढे उभे होते. अक्का दारात आल्या आणि नेहमीच्या सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबल्या. "पुसलं नाही ना कुणी?" त्यांनी मला विचारलं. "पाण्यानंच गेलं ना?"

"पाण्यानंच गेलं, अक्का."

"सरी," म्हणजे ठीक, असं म्हणून त्या जायला वळल्या.

"अक्का," रावांनी हाक मारली. शर्टात हात घालून त्यांनी जानव्याची गाठ सोडायला घेतली. इतक्या महिन्यांची ती गाठ, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. मग आईचा हात धरून त्यांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"कुलूप तू लाव," ते म्हणाले. "उद्या उघडायलाही तूच ये."